दहाव्या वर्षी तो तिकिटं फाडत होता

कोरेगाव
महाशिवरात्र

चि. सागर यास अनेक आशीर्वाद.

पाकीट बघून घाबरू नकोस, घरी सगळं ठीक आहे. फोनवर मी बोलायला लागलो की तू "हो अण्णा, हो अण्णा" करतोस, मी घसा खाकरतो, आणि तेवढ्यात आई फोन काढून घेते. म्हणून कागद घेतला.

दिवाळीत तू नोकरी सोडल्याचं सांगितलंस, आणि सांगताना त्या चिलीच्या लेखकाचा दाखला दिलास. रोबेर्तो बोलान्यो. "अण्णा, त्याने सगळं सोडलं आणि लिहिलं." मी तेव्हा काहीच बोललो नाही. तू गेल्यावर माळ्यावरची तुझी बॅग खाली काढली. तिच्यात त्याची दोन जाडजूड पुस्तकं निघाली, आणि प्रिंट काढून ठेवलेल्या गोष्टींची-मुलाखतींची एक फाइल. बी.ए.ला इंग्रजी होतं म्हणून उगाच छाती फुगवून सुरू केलं आणि पहिल्या आठवड्यातच शब्दकोश शेजारी आला. रोज दुपारी दहा-बारा पानं. आई म्हणते, पेन्शनीत लोक ज्ञानेश्वरी लावतात, तुम्ही हे काय काढलंय. एक पुस्तक पुरं झालं, दुसरं चौथ्या भागात आहे.

आता मला सांग, या माणसाबद्दल एवढं बोललास, मग पहिली गोष्ट का सांगितली नाहीस? तो दहा वर्षांचा असताना चिलीतल्या किल्पुए ते वाल्पाराइसो या मार्गावर बसची तिकिटं विकायचा. आयुष्यातली पहिली कमाई ती. मी वाचलं आणि चष्मा काढून ठेवला. एकतीस वर्षं गळ्यात बॅग अडकवून मी तेच केलं. डोळे अधू, अंगाने किडकिडीत, अक्षरं उलटसुलट दिसणारा पोरगा, शाळेत बाकीच्यांचा मार खाणारा. त्याला चालत्या गाडीत सुट्टे पैसे मोजून देताना मी बघू शकतो. मशीन येण्याआधी आमच्या हातात ट्रे होता, प्रत्येक दराच्या तिकिटाचा रंग वेगळा, पंच टकटकवत मागच्या बाकापर्यंत जायचं, एक हात वरच्या दांडीला. पहिले सहा महिने मी घरी येऊन झोपलो की खाट हलते आहे असं वाटायचं. त्यालाही वाटलं असेल.

त्याचे वडील ट्रक चालवायचे आणि हौशी मुष्टियोद्धे होते. आई गणिताची शिक्षिका. म्हणजे आपल्यासारखंच घर, महिन्याच्या पंचवीस तारखेला डबे खडखडणारं. जन्म १९५३ चा, सान्तियागोचा. पंधराव्या वर्षी, १९६८ ला, घर उचलून मेक्सिको सिटीत आलं. तिथे त्याने शाळा सोडली आणि पुस्तकांच्या दुकानांतून पुस्तकं चोरून वाचायला लागला. ते तू करत नाहीस असं मी धरून चालतो.

वीस वर्षांचा असताना समाजवादी सरकारला हातभार लावायला म्हणून चिलीला परत गेला, आणि सप्टेंबर १९७३ मध्ये पिनोचेतच्या लष्कराने सत्ता घेतली. तो पकडला गेला. आठ दिवस कोठडीत होता आणि पहाऱ्यावरचे दोघे शाळासोबती निघाले म्हणून सुटला, असं तो सांगतो. त्याच्या काही मित्रांना ही हकिगत खरी वाटत नाही. मला विचारशील तर मी ठेवतो विश्वास. कंडक्टरकीत बघितलंय मी, भलत्या गावात, भलत्या वेळी शाळेतला बाकावरचा सोबती भेटतोच. त्याची एक कविता आहे, तेव्हा मी वीस वर्षांचा होतो आणि वेडा होतो अशी सुरू होणारी. देश गमावला पण एक स्वप्न कमावलं, असं पुढे म्हणतो. त्या पानावर तू पेन्सिलने दोन उभ्या रेघा मारल्या आहेत. तुझी विशी होऊन नऊ वर्षं झाली, एवढं नोंदवून ठेवतो.

मेक्सिकोला परतल्यावर मारिओ सान्तियागो या मित्राबरोबर त्याने कवींची एक टोळी जमवली. नाव इन्फ्रारिअलिझम. १९७६ ला जाहीरनामा काढला, त्याचं शीर्षक 'पुन्हा एकदा सगळं सोडा' अशा अर्थाचं. तू जे वाक्य मला ऐकवलंस त्याचं मूळ हे. ही पोरं मोठ्या कवींच्या कार्यक्रमात जाऊन आरडाओरडा करायची, ओक्ताव्हियो पाझ यांच्या तर हमखास. हे मला पटलं नाही. पाझ म्हणजे दिल्लीत सहा वर्षं मेक्सिकोचे राजदूत होते ते, आणि १९६८ च्या ऑक्टोबरात त्यांच्या सरकारने विद्यार्थ्यांवर गोळ्या झाडल्या तेव्हा निषेध म्हणून पद सोडलेला माणूस. अशाच्या सभेत शिट्ट्या मारायच्या? पण गंमत बघ, बावीस वर्षांनी, १९९८ ला, त्याच दिवसांवर 'द सॅव्हेज डिटेक्टिव्ह्ज' ही कादंबरी लिहिताना त्याने पाझना एका बागेत आणून सोडलंय. म्हातारे पाझ आणि टोळीतला एकजण एकाच बागेत गोल गोल चालतात, एकमेकांना ओलांडतात, आणि शेवटी बाकावर बसून दोन शब्द बोलतात. सांगणारी कोण, तर पाझ यांची सेक्रेटरी. मी ते प्रकरण दोनदा वाचलं. तेविसाव्या वर्षी त्याला ते लिहिता आलं नसतं.

१९७७ ला तो युरोपात गेला आणि मेक्सिकोला परत कधीच गेला नाही. आता तुझं "सगळं सोडलं" यावर बोलू. त्या गड्याने नोकरी सोडली नाही रे, त्याला धड मिळालीच नाही. हॉटेलात भांडी घासली, कचरा उचलला, सामान वाहिलं, द्राक्षं तोडली. बार्सिलोनाजवळ कास्तेलदेफेल्स नावाच्या समुद्रकाठच्या गावात तंबूंच्या तळावर रात्रीचा वॉचमन होता. दिवसा झोप, रात्री पहारा, आणि जमेल तेव्हा कविता. पुढे ब्लानेसला, किनाऱ्यावरच्याच गावात, आईच्या खोट्या दागिन्यांच्या दुकानात बसला.

रात्रीच्या पहाऱ्याचं मला माहीत आहे. मुक्कामी गाडी घेऊन गेलो की ड्रायव्हर पुढच्या बाकावर, मी मागच्या लांब बाकावर. पैशाची बॅग उशाला. गावची कुत्री भुंकून दमली की एक अशी शांतता येते की वेबिलाच्या, म्हणजे तिकिटांच्या हिशोबाच्या कागदाच्या, मागच्या कोऱ्या बाजूवर काहीतरी लिहावंसं वाटतं. मी लिहायचो. सकाळी फाडून टाकायचो, कारण वेबिल जमा करायचं असतं. हे तुझ्या आईलाही माहीत नाही, सांगू नकोस.

मग १९९० ला त्याला मुलगा झाला, लाउतारो. आणि इथून तो माणूस मला कळायला लागला. स्वतःला तो मरेपर्यंत कवीच समजत होता, पण कवितेवर दूध येत नाही म्हणून गद्याकडे वळला. १९९२ ला यकृताचा आजार निघाला, बरा न होणारा. तेव्हा वय एकोणचाळीस. स्पेनमध्ये त्या काळी गावोगावच्या नगरपालिका कथा-कादंबऱ्यांच्या स्पर्धा घ्यायच्या. हा त्या स्पर्धांना लिखाण पाठवत राहिला. त्याआधी, ऐंशीच्या दशकातच, एकच कादंबरी दोन नावांनी दोन ठिकाणी पाठवली होती आणि दोन्हीकडे बक्षीस! तिचं एक नाव होतं 'हत्तींची वाट', ते बक्षीस तोलेदोच्या नगरपालिकेचं. पुढे त्याने या बक्षिसांना रानगव्यांची उपमा दिली. शिकार मिळाली तर त्या दिवशी चूल पेटणार.

तुझ्या फाइलीतली 'सेन्सिनी' ही गोष्ट याच धंद्यावर आहे. परागंदा होऊन माद्रिदमध्ये राहणारा एक म्हातारा अर्जेंटिनी लेखक, आणि जिरोना शहराबाहेर राहणारा एक तरुण. एकाच स्पर्धेच्या निकालात नावं दिसतात म्हणून पत्रव्यवहार सुरू होतो. म्हातारा त्याला धंद्यातल्या खाचाखोचा शिकवतो, कुठली स्पर्धा, किती रक्कम, शीर्षक कसं बदलायचं. त्या म्हाताऱ्याचा मुलगा अर्जेंटिनात बेपत्ता झालाय आणि हे तो पत्रांत एखाद्या ओळीत सांगून पुढे स्पर्धेच्या तारखांवर येतो. ती एक ओळ मला चार दिवस पुरली. बाप असाच लिहितो रे.

माझा राग कशाचा होता ते आता सांगतो. नोकरी सोडलीस त्याचा नाही. तू श्रावणात सोडलीस आणि दिवाळीत सांगितलंस. मधल्या तीन महिन्यांत दर एक तारखेला घरी पैसे पाठवत राहिलास, आणि मी "पगार झाला का" विचारलं की "हो" म्हणालास. शिलकीतले होते ते. माझ्या पेन्शनीत आम्हा दोघांचं भागतं. तू तिकडे वडापाववर दिवस काढून इकडे आमच्या खात्यात पगार भरत होतास, आणि मी त्यातून घराला रंग दिला! भिंतीकडे बघितलं की अजून पोटात खड्डा पडतो.

१९९६ नंतर या माणसाने जे लिहिलं त्याचा झपाटा बघ. त्या एका वर्षात दोन पुस्तकं, ९७ ला कथा, ९८ ला ती मोठी कादंबरी. तिला एर्राल्दे पुरस्कार, ९९ ला रोमुलो गायेगोस पुरस्कार. मग दर वर्षी काही ना काही. घड्याळ दिसत असलेला माणूस. २००१ ला मुलगी झाली, अलेक्झांड्रा. आणि या सगळ्याच्या शेवटी ते '२६६६'. पाच भाग, मूळ स्पॅनिशमध्ये हजाराच्या वर पानं. यकृत बदलायच्या यादीत नाव होतं, पण १५ जुलै २००३ ला बार्सिलोनात गेला. पन्नास वर्षांचा होता. जाण्याआधी प्रकाशकाला सांगून ठेवलं होतं, की पाच भाग पाच वेगळी पुस्तकं म्हणून काढा, एकेक करून. का, तर पोरांना पैसे मिळत राहतील. एर्राल्दे म्हणजे त्याचे प्रकाशक, एक समीक्षक मित्र आणि घरचे यांनी ते मानलं नाही, २००४ ला एकच पुस्तक काढलं. साहित्याच्या दृष्टीने त्यांचंच बरोबर असेल. पण मला त्या माणसाचा हिशोब कळला. अंथरुणाला खिळलेला बाप हप्ते मोजतो.

चौथा भाग मला जड जातो आहे. सान्ता तेरेसा हे गाव त्याने कल्पलेलं, पण ते अमेरिकेच्या हद्दीवरचं सिउदाद ह्वारेझ, जिथे १९९३ पासून बायकांची प्रेतं सापडत गेली. कितीतरी जणी कारखान्यात कामाला जाणाऱ्या. हा स्पेनमध्ये बसून मेक्सिकोतल्या एका पत्रकाराला बारीकसारीक विचारायचा आणि त्या पत्रकाराला त्याने नावानिशी कादंबरीत घातलाय. एकामागून एक नोंद. वय अंदाजे इतकं, अंगावर अमुक रंगाचा ब्लाउज, केस लांब, सापडली अमुक माळावर, तपास बंद. पुढची. कुठे रडणं नाही, विशेषणं नाहीत. वेबिल भरल्यासारखं. सुरुवातीला मला राग आला, हे काय लिखाण झालं? मग पन्नास-साठ पानांनंतर मी प्रत्येकीचे कपडे लक्षात ठेवायला लागलो.

तुला आठवत नसेल, तू लहान होतास. एमआयडीसीतली दुसरी पाळी सुटली की रात्री शेवटच्या गाडीला सात-आठ बायका असायच्या. डबा रिकामा, ओढणी डोक्यावर, खिडकीला टेकून झोपलेल्या. एक पोरगी फाट्यावर उतरायची. तिथून वस्ती अर्धा मैल, मधे ऊस. एरवी तिचा भाऊ सायकल घेऊन उभा असायचा. तो नसला की मी डबल बेल मारायचोच नाही. ड्रायव्हर गाडी जराशी तिरकी घेऊन दिवे त्या पायवाटेवर सोडायचा. ती चालत जायची, तिची सावली पुढे पुढे लांब पडायची. वस्तीतलं पहिलं दार उघडलेलं दिसलं की बेल. दहा मिनिटं उशीर व्हायचा. कुणी विचारलं तर रस्ता खराब म्हणायचो. हल्ली दुपारी त्या पुस्तकात नवी नोंद आली की मला ऊस दिसतो.

मुलाखतीत त्याला कुणीतरी विचारलंय, देश म्हणजे काय वाटतं तुम्हाला. तो म्हणतो, उत्तर जरा भाबडं आहे, पण माझी दोन मुलं हाच माझा एकमेव देश. मग नंतर काही क्षण, काही रस्ते, काही चेहरे आणि पुस्तकं. आपल्याकडे बापाने असं बोलायची पद्धत नाही. मी त्या ओळीखाली रेघ मारली आहे. शाईची आहे, पुसली जायची नाही.

पाडव्याला ये. पैसे पाठवू नकोस. लिहून झालेलं जे असेल ते आण, पण मोठ्या अक्षरात प्रिंट काढ, माझ्या चष्म्याचा नंबर वाढलाय. पोस्टात भेटला तो तुझा शाळेतला दोस्त विचारत होता, सागर काय करतो. म्हटलं, लिहितो. आईने लाडू दिलेत सोबत, डबा परत आण, तिचा आवडता आहे.

आणि हो, आलास की माळ्यावरून काढलेल्या पुस्तकाला हात लावू नकोस. चौथ्या भागात साडेतीन रुपयांचं जुनं तिकीट खूण म्हणून ठेवलंय. ते हललं तर मला परत शोधत बसावं लागेल.

तुझा,
अण्णा