काकांचे आभार, काकूंच्या नावे

तीर्थस्वरूप काकूंस,
शिरसाष्टांग नमस्कार.

काकांच्या दहाव्याला रामकुंडावर जमलेल्यांपैकी जवळजवळ प्रत्येक जण त्यांच्या दिलदारपणाबद्दल बोलत होता. कोणी मिसळीच्या काळ्या रश्श्याची आठवण काढली, कोणी परीक्षेच्या दिवसांत न मागता समोर आलेल्या चहाची. ते सारे खरेच होते, तरी ऐकताना मला सारखे वाटत राहिले की निम्मीच हकीकत सांगितली जात आहे. हॉटेलवाल्याने गिऱ्हाइकाला दिलेली सवलत कोणाच्या तरी घरखर्चातून वजा होत असते आणि त्या घरात ती वजाबाकी आपण करत होतात. म्हणून काकांच्या आठवणींचे हे आभारपत्र आपल्या नावाने लिहीत आहे. उघडपणे अशासाठी, की त्या हॉटेलात जेवून शिकलेली मुले आज जिल्हाभर पांगली आहेत आणि त्यांच्याही नजरेस ते पडावे.

मी २०१५ च्या जून महिन्यात सुरगाण्याहून नाशिकला शिकायला आलो. वसतिगृहात जागा मिळाली नाही, शिष्यवृत्ती मंजूर होऊनही खात्यात जमा व्हायला वर्ष उलटायचे, आणि पंचवटीतल्या खोलीचे भाडे मात्र दर महिन्याला द्यावे लागे. आधी ज्या मेसमध्ये नाव घातले होते तेथे पैसे थकताच डबा बंद झाला; त्यांचेही पोट त्यावरच होते, त्यामुळे तक्रार नाही. सराफ बाजाराकडे उतरणाऱ्या गल्लीत काकांच्या हॉटेलात शिरलो तेव्हा त्यांनी माझी परिस्थिती विचारली नाही. गावाकडे काय पिकते आणि वडील नाशिकला कधी येतात, एवढेच विचारले. नागली (नाचणी) आणि थोडा भात पिकतो असे सांगितल्यावर त्यांनी तिथल्या तिथे व्यवहार ठरवला: महिन्याचे पैसे वहीत मांडायचे आणि सुगी झाली की तेवढ्या रकमेची नागली बाजारभावाने घ्यायची.

फुकट जेवू घालणे काकांना पसंत नव्हते, हे दहाव्याला कोणी सांगितले नाही. चहा फुकट चालेल, जेवण नाही, असा त्यांचा दंडक होता. फुकट जेवणारा मुलगा लाजेने चार दिवसांत येईनासा होतो आणि मग खोलीत उपाशी झोपतो, हे त्यांनी पाहिले होते. वहीत नाव असलेला मुलगा मात्र वाढप्याला हक्काने आणखी भात मागतो. माझ्या मते त्यांच्या चांगुलपणातील सर्वांत शहाणा भाग हाच होता.

त्या व्यवहारात नागलीचे पोते घरी आल्यावर पुढचे सारे आपल्यावर येऊन पडले. ती निवडणे, दळून आणणे, आणि आधीच पोळ्यांचा ढीग लाटून झालेल्या हातांनी भाकऱ्या थापणे हे काम वाढले, आणि त्याचा मोबदला वहीत कुठेही लिहिला गेला नाही. सुरुवातीला काळपट भाकरी पाहून गिऱ्हाइके ताट बाजूला सारत. पुढे सराफ बाजारातले कारागीर तीच भाकरी मागू लागले, तेव्हा काका त्याचे श्रेय माझ्या वडिलांच्या शेताला द्यायचे. ते श्रेय आपल्या तव्याचे होते, हे वडीलही कबूल करतात.

मी आलो त्याच वर्षी नाशिकला सिंहस्थ कुंभमेळा होता. २९ ऑगस्टच्या पहिल्या पर्वणीला लाखो भाविक येणार म्हणून जुन्या नाशकातल्या सगळ्याच दुकानदारांनी माल भरून ठेवला होता. आपणही नेहमीच्या कितीतरी पट मटकी भिजवून, फडक्यात बांधून मोड आणून ठेवली होती. पण बंदोबस्त इतका कडक झाला की बॅरिकेड ओलांडून गिऱ्हाईक गल्लीपर्यंत पोहोचेचना. मोड आलेली मटकी दुसऱ्या दिवसापर्यंत थांबत नाही. दुपारी काकांनी पातेली उचलली आणि पहाटेपासून उभ्या असलेल्या पोलिसांना व सफाई कामगारांना मिसळ वाढली. लोक अजूनही ही गोष्ट हसत हसत सांगतात. त्या पर्वणीच्या भरवशावर घराला रंग द्यायचे ठरले होते आणि तो पुढे तीन दिवाळ्या लांबला, हे मला आपल्या थोरल्या मुलीकडून फार उशिरा कळले.

६ मार्च २०१८ रोजी मध्यवर्ती बसस्थानकाच्या चौकातून शेतकऱ्यांचा मोर्चा मुंबईकडे पायी निघाला. सुरगाणा, पेठ, दिंडोरी, कळवण भागातली माणसे वनजमिनीच्या पट्ट्यांसाठी हजारोंनी आली होती. त्यात माझे वडीलही होते. निघण्यापूर्वी ते काकांना भेटायला आले. काकांना राजकारणात रस नव्हता. त्यांनी मागण्या ऐकून घेतल्या, मग वडिलांच्या पायांकडे पाहिले आणि या चपलेवर इगतपुरीसुद्धा येणार नाही, असे सांगून शेजारच्या दुकानातून नवा जोड आणवला. वडील फुकट घेईनात, म्हणून वहीत माझ्या जेवणाच्या खाली ‘चपला, १ जोड’ अशी नोंद पडली आणि पुढच्या सुगीला तीही नागलीत फिटली. सुमारे १८० किलोमीटर चालून मोर्चा १२ मार्चला आझाद मैदानावर पोहोचला. वाटेत अनेकांच्या पायांची सालटी निघाली होती.

४ ऑगस्ट २०१९ च्या पुरात गोदाकाठचा, पुराची खूण मानला जाणारा दुतोंड्या मारुती बुडाला आणि हॉटेलातही पाणी शिरले. त्या वर्षीच्या डिसेंबरात कांदा शंभर रुपये किलोच्या वर गेला, तेव्हा कांद्याच्या या जिल्ह्यातही हॉटेलांत मिसळीसोबत कोबी आणि मुळा येऊ लागला. काकांनी वाटी लहान केली, पण कांदाच ठेवला. पुढे टाळेबंदी आली. मी तेव्हा गावी होतो. आचाऱ्याने नंतर सांगितले की मुंबईहून कसारा घाट चढून महामार्गाने पायी येणाऱ्या मजुरांसाठी आपण दोघे घरच्या गॅसवर खिचडी शिजवत होतात आणि काका ती विल्होळीच्या बाजूला नेऊन वाटत होते. ऑक्टोबरात निम्म्या क्षमतेने हॉटेले उघडली, तोवर गल्ला महिनोन्महिने रिकामाच होता; तरी आचारी व वाढपी यांना गावी पैसे जात राहिले. ते कुठून गेले, हे मी आपल्याला विचारलेले नाही.

काका जितके हॉटेलात होते तितकेच घरात होते आणि हे त्या धंद्यात सोपे नाही. पहाटे चारला भट्टी, बारापर्यंत मिसळ, तीनपर्यंत थाळी, आणि त्यानंतर शटर खाली, मग बाहेर कोणीही उभे असो. संध्याकाळीही हॉटेल चालवले तर उत्पन्न दुपटीने वाढेल, असे अनेकांनी त्यांना सुचवले. संध्याकाळी मुली शाळेतून येतात, एवढेच त्यांचे उत्तर असे. उन्हाळ्यात आपण गल्लीतच निखाऱ्यावर खोबऱ्याच्या वाट्या भाजून वर्षाचा मसाला करायला बसत होतात, तेव्हा ते शेजारी बसून दगडफूल निवडत आणि धाकटीचे पाढे ऐकत. मे महिन्यात वसंत व्याख्यानमालेला आपण चौघे यशवंतराव महाराज पटांगणावर दिसायचात. विषय अर्थशास्त्राचा असो की संतसाहित्याचा, काका पहिल्या अर्ध्या तासात डुलक्या घेत आणि घरी जाताना वक्त्याचे मत आपल्याकडून समजावून घेत.

थोरल्या ताई हॉटेल पुढे चालवणार आहेत आणि संध्याकाळचे शटर तसेच राहणार आहे, हे ऐकून बरे वाटले. आम्ही त्या काळातल्या काही जणांनी मिळून एक ठरवले आहे आणि त्याला आपली संमती हवी आहे. सुरगाणा आणि पेठ भागातून येणाऱ्या दोन विद्यार्थ्यांच्या थाळीचे पैसे आम्ही दर महिन्याला आगाऊ देऊ. दर नेहमीचाच लावावा, काकांच्या नावाने सवलत देऊ नये. मुलांची नावे वहीत लिहावीत आणि त्यांच्या घरून सुगीला नागली, भात, वरई असे जे येईल ते बाजारभावाने जमा करून तेवढी रक्कम पुढच्या मुलाच्या खात्यावर फिरवावी. भाकऱ्यांसाठी एक बाई लावावी. तिचा पगारही आम्ही हिशेबात धरला आहे आणि त्याबाबत आपले काहीही ऐकणार नाही. वडील यंदाचे पोते घेऊन दिवाळीनंतर येत आहेत. वहीत कोणाच्या नावावर जमा करायचे, ते आपण त्यांनाच सांगावे.

आपला नम्र,
सुरगाण्याचा एक जुना जेवणारा