रील्स बंद ठेवायचा खटका मूळ अ‍ॅपमध्येच का नाही?

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

रील्स पाहण्याची सवय आटोक्यात ठेवणाऱ्या अ‍ॅप्सवर रविवारच्या पुरवणीत लेख आला आणि त्यावर एका वाचकाचं पत्रही आपण छापलंत. मनावर ताबा असेल तर असली अ‍ॅप्स लागतातच कशाला, मोबाइल सोडवायला पुन्हा मोबाइलच, अशी थट्टा त्यांनी केली आहे. मी असं एक अ‍ॅप वापरते. माझी तक्रार निराळीच आहे, पण आधी या थट्टेचं बघू.

मी पाठ्यपुस्तकांची मुद्रितं तपासते. चित्रकार आणि अक्षरजुळणी करणारे ज्या अ‍ॅपवरून मला आकृत्या नि दुरुस्त्या पाठवतात, त्याच अ‍ॅपमध्ये, निरोपांच्या चिन्हाला खेटून, रील्सचं चिन्ह आहे. त्यामुळे ‘नको तर काढून टाका ते अ‍ॅप’ हा सल्ला माझ्या कामाचा नाही. आकृतीतला बाण उलटा पडलाय का, असं चित्रकाराला विचारायला जावं. उत्तर येईपर्यंत जरा वेळ जातो, आणि तेवढ्यात अंगठा शेजारच्या चिन्हावर पोचलेला असतो. मन तिथे मागाहून येतं. ताबा मनावर ठेवायचा हे कबूल, पण अंगठा मनाला विचारतोय कुठे?

माझं अ‍ॅप करतं ते एवढंच. रील्सचं चिन्ह दाबलं की पडदा राखाडी होतो, एक वर्तुळ सावकाश फुगतं, ओसरतं, आणि मग खाली दोन पर्याय उमटतात: ‘राहू दे’ आणि ‘तरीही उघड’. वर्तुळाबरोबर श्वास घ्यावा अशी त्याची अपेक्षा असते. मी श्वासबिस काही घेत नाही, वैतागते. पण बहुतेक वेळा ‘राहू दे’ दाबते आणि पुन्हा बाणाकडे वळते. कुणी निरोपातून एखादी रील पाठवली तर तेवढी दिसते. त्यानंतर बोट वर सरकवलं की पुन्हा राखाडी. ही सोय मला फार आवडली, कारण माझं घोडं नेहमी तिथेच अडायचं. पाठवलेली एक बघायला जायचं आणि तिच्यामागून येणारी न बोलावलेली वरात बघत बसायचं.

हे निव्वळ माझं मत नाही. ‘वन सेक’ नावाच्या अशाच एका अ‍ॅपवरचा अभ्यास २०२३ साली ‘पीएनएएस’ या विज्ञान नियतकालिकात आला. अभ्यासकांमध्ये त्या अ‍ॅपचा निर्माताही होता, हे सांगायला हवं. २८० जणांनी ते सहा आठवडे वापरलं. अडवल्यावर ३६ टक्के वेळा माणसं आल्या पावली परतली. सहाव्या आठवड्यापर्यंत तर अडवणूक लावलेली अ‍ॅप्स उघडायला जाण्याचं प्रमाणच पहिल्या आठवड्याच्या मानाने ३७ टक्क्यांनी उतरलं होतं. पुढच्या प्रयोगात नेमका कशाने फरक पडतो ते सुटं करून पाहिलं. सर्वांत जास्त फरक पडला तो ‘नको’ म्हणायची सोय समोर ठेवल्याने, थोडा पडला थांबायला लावल्याने, आणि ‘जरा विचार करा’ छापाच्या मजकुराचा उपयोग दिसलाच नाही. उपदेशाचा हा निकाल आपल्या पत्रलेखकांनी जरूर वाचावा.

आता माझी तक्रार. हे अ‍ॅप घेतलं त्या दिवशी त्याने एक परवानगी मागितली. अँड्रॉइड फोनमध्ये तिला ‘अ‍ॅक्सेसिबिलिटी’ म्हणतात. मुळात ती दृष्टिहीनांना पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवणाऱ्या किंवा हातांची हालचाल नीट न होणाऱ्यांना मदत करणाऱ्या साधनांसाठी आहे. ती देताना फोन एक इशारा दाखवतो. लोक तो न वाचता ‘ठीक’ दाबतात. माझा पेशा तसा नाही, त्यामुळे मी पूर्ण वाचला. हे अ‍ॅप तुमच्या पडद्यावरचं सारं काही वाचू शकेल आणि तुमच्या वतीने बटणंही दाबू शकेल, असा त्याचा मथितार्थ. बँकेच्या खात्यातले पैसे पळवणारी लबाड अ‍ॅप्स नेमकी हीच परवानगी मागतात. आणि माझ्या अ‍ॅपचाही नाइलाज आहे. पडद्यावर रील्सचा विभाग उघडलाय की निरोपांचा, हे वाचता आलं तरच ते मला नेमक्या जागी अडवणार. माहिती गोळा करत नाही असं त्याच्या पानावर लिहिलेलं आहे. पण ते निवेदन अ‍ॅप बनवणाराच लिहितो. लेखकाने स्वतःच ‘निर्दोष’ असा शेरा मारलेल्या मुद्रितावर मी सही करत नाही. इथे मात्र करावी लागली.

म्हणजे घरातली एक खोली बंद ठेवायची म्हणून सगळ्या घराच्या किल्ल्या परक्या माणसाच्या हाती द्यायच्या.

माझ्या एका सहकाऱ्याचा आयफोन आहे. तिथे असल्या अ‍ॅप्सना दुसऱ्या अ‍ॅपच्या आत डोकावता येत नाही. सुरक्षेच्या दृष्टीने उत्तम, पण मग अडवायचं तर अख्खं अ‍ॅप अडवायचं, निरोपांसकट. फोनमध्येच २०१८पासून ‘स्क्रीन टाइम’ आहे, त्याची मर्यादा तो लावतो. वेळ संपली की पाटी येते, आणि तिच्यावरच मर्यादेकडे दुर्लक्ष करण्याची सोय असते. तो रोज दुर्लक्ष करतो.

शिवाय ही अडवणारी अ‍ॅप्स भाड्याच्या घरात राहिल्यासारखी राहतात. मूळ अ‍ॅपने अपडेटमध्ये मांडणी बदलली की यांना रील्सचा विभाग ओळखूच येत नाही. बॅटरी वाचवण्याच्या नादात फोन यांना परस्पर झोपवतो. मग सेटिंगमध्ये जाऊन उठवायचं. हे माझी भाची करून देते. ज्यांना भाची नाही त्यांनी काय करायचं?

पान खाली सरकवत गेलं की पुढचा मजकूर आपोआप येत राहावा, ही युक्ती २००६च्या सुमाराला एझा रास्किन या तंत्रज्ञांनी रचली आणि पुढे तिच्याबद्दल जाहीरपणे खेदही व्यक्त केला. मुद्रिताचं पान संपलं की मी कोपऱ्यात आद्याक्षरं टाकते, मान वर करते, पाणी पिते. रील्समध्ये हा कोपराच काढून टाकलेला आहे. तो ज्यांनी काढला त्यांनीच परत बसवायला हवा, माझ्यासारखीने उसन्या अ‍ॅपकडून नव्हे. कंपन्यांना हे जमत नाही असं कुणी सांगू नये. चीनमध्ये डोयिन या छोट्या व्हिडिओंच्या अ‍ॅपने २०२१ साली चौदा वर्षांखालच्या मुलांना दिवसाला ४० मिनिटं आणि रात्री दहा ते सकाळी सहा पूर्ण बंद, असं करून दाखवलं. युरोपीय संघाच्या डिजिटल सेवा कायद्यामुळे तिथल्या वापरकर्त्यांना आपल्या आवडीनिवडी न पाहता केलेल्या शिफारशींचा पर्याय मोठ्या कंपन्यांना द्यावाच लागतो. कायदा आला की खटका सापडतो. टिकटॉकने २०२३मध्ये अठरा वर्षांखालच्यांना ६० मिनिटांची मर्यादा घातली खरी, पण ती संपल्यावर मुलाने सांकेतिक क्रमांक टाकला की व्हिडिओ पुढे सुरू.

मला मिनिटं मोजणारं कुणी नको. मी काही चौदा वर्षांची नाही. सेटिंगमध्ये एक ओळ हवी: ‘छोटे व्हिडिओ: चालू / बंद’. बंद केलं की महिन्याभराने आपोआप चालू न होणारी आणि अपडेटनंतरही बंदच राहणारी. निरोप, फोटो, ओळखीच्यांच्या नोंदी जिथल्या तिथे. ज्यांना रील्स हव्या आहेत त्यांनी खुशाल बघाव्यात. त्यांच्यातले कितीतरी जण त्यावर पोटही भरतात.

जाता जाता आपल्याकडेही एक मागणं. आपल्या वृत्तपत्राच्या अ‍ॅपमध्ये हल्ली तळाशी मधोमध व्हिडिओचं चिन्ह आलं आहे. अग्रलेख वाचून बोट जरा वर गेलं की बातमीचा व्हिडिओ सुरू होतो, तो संपायच्या आत दुसरा. माझं अडवणारं अ‍ॅप फक्त बड्या कंपन्यांची अ‍ॅप्स ओळखतं, आपलं नाही. वरची ती एक ओळ आपण आपल्या सेटिंगमध्ये कधीपर्यंत घालू शकाल, हे याच स्तंभात कळवावं ही विनंती.

आपली,
एक मुद्रितशोधक