देखावे फोडू नका, सुटे होतील असे बनवा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी जुन्या नाशकात चक्कर मारली की मंडपांशेजारी फोडलेल्या देखाव्यांचे ढीग दिसतात, प्लाय, पट्ट्या, कापड सगळं एकत्र, आणि पंधरा दिवस आधी पोरांनी रात्री जागून तेच उभं केलेलं असतं. पोटात तुटतं बघून.

आमच्या मंडळाने गेल्या वर्षी दादासाहेब फाळक्यांचा कॅमेरा केला होता, १९१२ साली त्यांनी लंडनहून आणलेल्या विल्यमसन कॅमेऱ्यासारखा, लाकडी पेटी, बाजूला फिरवायचं हँडल, खाली तीन पाय, फक्त नऊ फूट उंच! सगळं फेविकॉल आणि खिळ्यांनी एकजीव केलेलं. छोटा हत्ती टेम्पोचा हौदा सात फूट लांब अन् पावणेपाच फूट रुंद, त्यात बसवताना आडवा-तिरका करून घातला आणि भद्रकालीच्या गल्लीत वळताना एक पाय मुळापासून निखळला. काही जण म्हणाले आता टाकून द्या.

आम्ही नाही टाकला. ओळखीच्या सुतारकाकांनी पेटी कडेच्या पितळी पट्टीच्या रेषेतच करवतीने कापली, म्हणजे पट्टी परत बसली की जोड दिसतच नाही. स्क्रू नको म्हणाले, प्लायमध्ये चार वेळा काढला-घातला की भोक ढिलं होतं. म्हणून आतून लोखंडी अँगल, ८ एमएमचे बोल्ट, मोठे वॉशर आणि विंग नट, पाना लागतच नाही. प्रत्येक जोडात आधी दोन लाकडी खुंट्या, त्या बसल्या की भोकं आपोआप समोरासमोर येतात. पाय मधोमध कापून आत पाइपचा तुकडा सरकवला. आतल्या बाजूला ऑइलपेंटने नंबर टाकले, एकला एक, दोनला दोन. आधी उचलायला आठ जण लागायचे, आता तिघं अर्ध्या तासात जोडतात आणि सगळं एका खेपेत जातं.

हे सगळं बनवतानाच केलं असतं तर निम्मे कष्ट वाचले असते हो. म्हणून मंडळांना कळकळीची विनंती, पहिला खिळा ठोकायच्या आधी टेम्पोचा हौदा आणि गोडाऊनचं दार टेपने मोजा. आणि महापालिकेने सुटे देखावे ठेवायला प्रत्येक विभागात एखादा कोरडा हॉल द्यावा, भाडं आम्ही भरू, पण जागाच नसल्याने कित्येक मंडळं नाइलाजाने फोडतात.

आमचे जोड कुणाला बघायचे असतील तर दिवाळीच्या आत या, नंतर कॅमेरा त्र्यंबकच्या एका शाळेत जाणारे, फाळक्यांच्या जन्मगावी.

– एक कार्यकर्ता, जुने नाशिक