गच्चीवर डिशची एक छत्री पुरते, फक्त वायरीची जागा आधी ठरवा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

कोथरूड, कर्वेनगर, सहकारनगर, जिकडे बघावं तिकडे सध्या रिडेव्हलपमेंट चालू आहे. सोसायटीच्या मीटिंगमध्ये पार्किंग आणि कार्पेट एरियावरून रात्री अकरापर्यंत भांडणं होतात, पण गच्चीवरून टीव्हीची वायर घरात येणार कुठून हे एकजणही विचारत नाही. मग पझेशन मिळालं की जो तो आपापली छत्री घेऊन येतो, फिटिंगवाला नव्या कोऱ्या वॉटरप्रूफिंगला ड्रिल मारून फास्टनर ठोकतो, काळी वायर बिल्डिंगच्या दर्शनी बाजूने लोंबकळत खाली सोडतो आणि पुढच्या पावसाळ्यात सगळ्यात वरच्या मजल्यावरच्या लोकांच्या छताला ओल येते. हे सगळं टाळता येतं हो, म्हणून हे पत्र.

2 ऑक्टोबर 1973 ला सिंहगडावरून मुंबई दूरदर्शन पुण्यात दिसायला लागलं, त्यानंतर शहरभर अँटेना सिंहगडाकडे तोंड करून उभे राहिले. त्या अँटेनावर दोन टीव्ही चालवणं तसं सोपं होतं कारण सगळी चॅनल एकाच वायरीतून एकदमच खाली यायची, स्प्लिटर म्हणजे वायरीचे फाटे करणारी डबी लावली की झालं. पण स्प्लिटर सिग्नल वाटतो, वाढवत नाही. दोन फाटे केले की साधारण साडेतीन ते चार डीबी (डेसिबल, सिग्नलच्या ताकदीचं माप) जातात, चार केले की सात-आठ, आणि 3 डीबी गेले म्हणजे ताकद निम्मी झाली. त्यामुळे सिग्नल वाढवणारा बूस्टर लावायचा तर वर अँटेनापाशी, खाली टीव्हीमागे लावला तर सिग्नलबरोबर वायरीत मिसळलेला कचराही वाढतो.

छत्रीचं गणित वेगळं आहे आणि नेमकं इथंच लोकांचे पैसे वाया जातात. सेट टॉप बॉक्स नुसता सिग्नल घेत नाही, तो त्याच वायरीतून वर एलएनबीला, म्हणजे छत्रीसमोरच्या सिग्नल पकडणाऱ्या डबीला, हुकूमही पाठवतो, 13 व्होल्ट म्हणजे उभं पोलरायझेशन (उभ्या लहरींतली चॅनल), 18 व्होल्ट म्हणजे आडवं, आणि 22 किलोहर्ट्झचा टोन असला तर वरचा बँड, म्हणजे वरच्या फ्रिक्वेन्सीची चॅनल. आता साधा स्प्लिटर टाकून दोन बॉक्स जोडले, हॉलमधल्याने 13 मागितले आणि बेडरूममधल्याने 18, तर एलएनबी ऐकणार एकाचंच, दुसऱ्या टीव्हीवर ‘नो सिग्नल’. आमच्या भागात कितीतरी घरांत हे झालंय आणि लोक बॉक्स बदलत बसतात. त्यात बाजारात सरसकट मिळणारा स्प्लिटर केबलचा, 1000 मेगाहर्ट्झपर्यंतचा असतो आणि छत्रीचा सिग्नल खाली येतो 950 ते 2150 मध्ये, म्हणजे त्यातला बराचसा तिथेच अडतो. दोन टीव्ही असतील तर ट्विन म्हणजे दोन वायरींचा एलएनबी घ्या, चार असतील तर क्वाड म्हणजे चार वायरींचा, प्रत्येक बॉक्सला स्वतंत्र वायर. अख्ख्या बिल्डिंगला द्यायचं असेल तर क्वॅट्रो एलएनबी (उभं-आडवं, वरचा-खालचा बँड असे चारही प्रकार चार वेगळ्या वायरींतून एकदमच देणारा) आणि त्याखाली ते वाटून देणारा मल्टिस्विच, मग प्रत्येक फ्लॅटचा बॉक्स हवं ते मागू शकतो, दुसऱ्याला त्रास नाही.

डीडी फ्री डिश तर मासिक पैसे न भरता दिसते, सह्याद्री त्यात आहे, घरातल्या ज्येष्ठांना बरेचदा तेवढं पुरतं. तिचा उपग्रह जीसॅट-15, 93.5 अंश पूर्वेला, म्हणजे पुण्यातून छत्री आग्नेयेकडे आणि साधारण 59 अंश वर. एवढ्या उंचीवर बघत असल्यामुळे शेजारच्या टॉवरची आडकाठी सहसा कमी येते. पैसे भरून डीटीएच घेणाऱ्यांची छत्री मात्र बहुतेकदा दुसऱ्या उपग्रहाकडे असते, एकाच कंपनीचे ग्राहक ती आपसात वाटू शकतात पण कनेक्शन ज्याचं त्याला घ्यावंच लागतं.

आणखी एक, बीआयएसने (भारतीय मानक ब्युरो) 2022 मध्ये सॅटेलाइट ट्यूनर आतच असलेल्या टीव्हीसाठी आयएस 18112 हे मानक काढलंय. असे टीव्ही घरोघरी आले की फ्री डिशसाठी वेगळा बॉक्सही नको, भिंतीतून नुसती वायर आली पाहिजे. ती वायर आज ओतल्या जाणाऱ्या स्लॅबमध्ये नसेल तर उद्या भिंत फोडावी लागणार.

म्हणून रिडेव्हलपमेंटला निघालेल्या सगळ्या कमिट्यांना माझी कळकळीची विनंती आहे, करारावर सही करायच्या आधी आर्किटेक्टकडून ड्रॉइंगमध्ये तीन गोष्टी मार्क करून घ्या. गच्चीवर जिन्याच्या केबिनजवळ छत्रीसाठी काँक्रीटचा छोटा ओटा, स्लॅबसोबतच ओतलेला आणि अर्थिंगसकट. तिथून तळमजल्यापर्यंत डक्टमध्ये लाइटच्या वायरींपासून वेगळा पाइप. आणि प्रत्येक मजल्यावरून प्रत्येक फ्लॅटच्या हॉलमध्ये आणि निदान एका बेडरूममध्ये आरजी-6 वायर (डिशसाठी वापरतात ती जाड काळी-पांढरी गोल वायर), मध्ये कुठेही जोड न देता. बिल्डरला हे बांधकाम चालू असताना सांगितलं तर किरकोळ काम आहे, आणि तो नाही म्हणाला तर मीटिंगच्या मिनिट्समध्ये तसं लिहून घ्या.

आपला,
एक वाचक, कोथरूड, पुणे