मानमोडीतून वाचलेल्या चार कोंबड्या

तीर्थरूप आई-बाबांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

बाबा, मानमोडीच्या (राणीखेत रोगाच्या) साथीत आपल्या परसातल्या अठरा गावठी कोंबड्यांपैकी चारच कशा वाचल्या, हे तुम्ही फोनवर विचारलेत. साथीत कोणते पक्षी तगतात हाच माझ्या अभ्यासाचा विषय असूनही मला तेव्हा नीट सांगता आले नाही, म्हणून लिहीत आहे.

हवाई बेटांवर मुळात डास नव्हते. 1826 च्या सुमारास ते जहाजातून मावी बेटावर उतरले आणि पुढे पक्ष्यांचा हिवतापही आला. त्या रोगाशी कधीच गाठ न पडलेले रानपक्षी सखल भागातून नाहीसे होत गेले आणि डास कमी असलेल्या उंच, थंड डोंगरांतच उरले. इवी नावाच्या लालभडक पक्ष्याला बाधित डास एकदा जरी चावला, तरी दहातले सुमारे नऊ मरतात. मात्र अमाकिही हा त्याचाच भाऊबंद हवाईच्या सखल रानात आज रोग अंगावर वागवत नांदतो. मेले त्यांचा वंश तिथेच थांबला, तगले त्यांची गुणसूत्रे पिल्लांत उतरली. साथीने जणू बियाणे निवडले.

पण निवडायला आधी वाण वेगवेगळे हवेत, आणि बेटावर नेमकी त्याचीच वाण पडते. सेशेल्समधल्या कझिन बेटावरचे वटवटे 1960 च्या दशकात तिसाच्या आत उरले होते. आज संख्या वाढली, तरी त्यांच्या जनुकांतले वैविध्य तुटपुंजेच आहे. आपल्या शिवारातल्या तिरचिमणीची एक बहीण अटलांटिक महासागरातल्या कॅनरी बेटांवरून मदेरा बेटाकडे गेली, तेव्हा मूठभर पक्ष्यांनी वस्ती केली. त्यांच्या प्रतिकारशक्तीच्या जनुकांत आज जे फरक दिसतात, त्यांतले बरेचसे रोगाने घडवलेले नसून त्या मूठभरांबरोबर योगायोगाने जे आले त्याचे आहेत. मला या अभ्यासातली हीच गोष्ट सर्वांत मोलाची वाटते.

आपल्या चार कोंबड्यांतही काही केवळ नशिबाने वाचल्या असतील, त्यामुळे लस चुकवू नका. पण त्या विकूनही टाकू नका. खानापूरच्या बाजारातून वेगळ्या वाणाचा कोंबडा आणा आणि दोन-तीन आठवडे त्याला निराळ्या खुराड्यात ठेवा. आई, तांबडी खुडूक झाली आहे असे म्हणालीस, तर या खेपेची अंडी तिच्याखालीच राहू दे.

तुमची लेक