घरची मजुरी शून्य कशी?

महोदय,

पेरूच्या डोंगराळ भागात ‘कुय’ म्हणजेच गिनीपिग मांसासाठी पाळतात. मादी सुमारे 68 दिवसांत विते, एका वेतात बहुधा दोन ते चार पिले देते, आणि सुधारित जातीची पिले दोन-अडीच महिन्यांत किलोभराची होतात, त्यामुळे धंदा किफायतशीर वाटतो. परंतु सर्वांत मोठा खर्च खाद्याचा असतो. या प्राण्याच्या शरीरात ‘क’ जीवनसत्त्व तयार होत नसल्याने, ते मिसळलेले खाद्य विकत घ्यायचे नसेल, तर रोज ओला लसूणघास कापून आणावा लागतो; आणि चुलीजवळच्या उबेत कुय सांभाळणारी घरातील बाईच बहुधा ते काम करते. तिची मजुरी शून्य धरल्यास (आपल्याकडील शेळीपालनातही हेच घडते) कागदावरचा नफा फुगतो.

– एक वाचक, सातारा