बाबा, भजनातला गजर सोडू नका

ती. बाबा आणि आई,
सा. न.

फोन केला की बाबा दोन शब्द बोलतात आणि "आवशीकडे देतंय हां" म्हणून मोकळे होतात, म्हणून यावेळी लिहायलाच बसले. गणपतीत बघितलं मी, आपल्याच घरचं भजन आणि तुम्ही मागे भिंतीला टेकून बसलेलात, हातात झांज आणि तोंड बंद. विचारलं तर म्हणालात, "आवाज गेलो गो माझो." ते काही डोक्यातून जात नाहीये.

आई, तू विचारत असतेस ना की लॅबमध्ये मी मेंढ्यांच्या गळ्याचं नक्की करते काय. खाटीकखान्यातून स्वरयंत्रं येतात, ती नळीवर बसवायची, खालून कोमट दमट हवा सोडायची, वरून मिठाच्या पाण्याचे थेंब टाकत राहायचं कारण स्वरतंतू, म्हणजे आवाज काढणाऱ्या त्या दोन घड्या, कोरडे पडले की संपलं. हवेचा जोर वाढवत नेला की आधी नुसता फस्स वारा येतो आणि मग एकदम दोन्ही कडा थरथरायला लागतात, आवाज फुटतो. पहिल्यांदा ऐकला तेव्हा अंगावर काटा आला, समोर मेंढी नाही काही नाही आणि टेबलावर आवाज! असले प्रयोग १७४१ साली फेरँ नावाच्या फ्रेंच डॉक्टरने केलेले, कुत्र्यांच्या आणि मेलेल्या माणसांच्या गळ्यावर. आम्ही कोवळ्या आणि जून मेंढ्यांचे गळे शेजारी ठेवून बघतो.

बाबा, तुम्ही माडाच्या पातीची पिपाणी करून द्यायचात, आठवतं? ताजी असली की हलक्या फुंकरीत वाजायची, दुसऱ्या दिवशी सुकली की गाल फुगवून फुगवून दुखायचे तरी वाराच. वय झालं की गळ्यात साधारण असंच होतं, स्वरतंतूंचा स्नायू बारीक होतो, वरचा मऊ थर कडक होतो, कडा आत वाकतात आणि मधे फट राहते, तिथून हवा सुटते. म्हणून तुम्हाला दम लागतो आणि आवाज पातळ येतो. पुरुषांचा आवाज म्हातारपणी थोडा चढतो तो याच सगळ्यामुळे, बायकांचा मात्र उतरतो, कारण पाळी गेल्यावर स्वरतंतू जरा सुजून जड होतात.

पण टेबलावरचा गळा मेलेला असतो, त्याचा स्नायू काही केल्या हलत नाही, दोऱ्याने आम्हीच ओढून धरतो. तुमचा जिवंत आहे हो! २०१३ साली छापून आलेल्या एका प्रयोगात म्हाताऱ्या उंदरांकडून ८ आठवडे आवाजाचा सराव करून घेतला, आणि त्यांच्या आवाजाचा जोर वाढला. माणसांनाही व्हॉइस थेरपीने, म्हणजे आवाजाच्या व्यायामांनी, फरक पडतो. गप्प बसलात तर तो स्नायू अजून सुकेल.

आधी कणकवलीला कान-नाक-घशाच्या डॉक्टरांना दाखवा, इतके दिवस आवाज बसलेला म्हणजे एकदा आत दुर्बीण घालून बघायलाच हवं, वयावर ढकलू नका. आणि रोज सकाळी पाणी पिऊन एका श्वासात "आ" लावा, ओरडायचं नाही, हलका. आई, तू घड्याळ धर आणि किती सेकंद टिकला ते मला व्हॉट्सॲपवर आवाजासकट पाठव, रविवारपासून.

तुमची,
बाय